चित्राखालचं नाव



गेल्या महिन्यात कामानिमित्त माझ्या एका जुन्या युनिटमध्ये जाणं झालं. रात्री जेवणाआधी मेसच्या अँटेरूममध्ये उभे होतो. दोन वर्षं सर्व्हिस झालेला एक लेफ्टनंट भिंतीवरच्या मोठ्या चित्रासमोर थांबला आणि त्याने विचारलं, "सर, ही प्रिंट आहे का?"

"नाही, हाताने काढलंय," मी म्हणालो. "माझ्यासमोर काढलंय."

"कोणी काढलंय सर?"

खरं तर सोपा प्रश्न. चित्राखाली पितळेची पट्टी होती. तिच्यावर एका निवृत्त सीओ साहेबांचं नाव, देणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख आणि तारीख. चित्रकाराचं नाव कुठेच नव्हतं. ते का नव्हतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आजचा लेख त्याबद्दल आहे.

बारा वर्षांपूर्वी आम्ही योलला होतो. हिमाचलमध्ये, कांगडा खोऱ्यात, धौलाधारच्या पायथ्याशी ही छावणी आहे. धरमशाला जवळच. दुसऱ्या महायुद्धात इथे इटालियन युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

सीओ साहेब बदलून चालले होते. मी तेव्हा मेजर होतो आणि मेस सेक्रेटरीही. डायनिंग आउटला काय द्यायचं यावर प्रत्येक युनिटमध्ये होते तीच चर्चा झाली. चांदीची तलवार, चांदीचा सैनिक, लाकडी ढालीवर क्रेस्ट. साहेबांच्या घरी हे सगळं आधीच दोन कपाटं भरून होतं. ते स्वतः म्हणाले, मला काही देऊ नका, मेसला काहीतरी चांगलं ठेवून जाऊ. तेव्हा कोणीतरी सुचवलं की कांगड्यात आहोत तर कांगड्याचं चित्र घ्यावं.

दोन पर्याय समोर आले. एक, दिल्लीहून कॅनव्हासवर प्रिंट मागवायची, सोनेरी फ्रेमसकट चार दिवसांत हजर. दुसरा, धरमशालेजवळ राहणारे एक चित्रकार. ते जुन्या पहाडी चित्रांच्या हाताने प्रती काढायचे. त्यांनी प्रिंटच्या साधारण सातपट पैसे सांगितले आणि चार महिने मागितले. आमच्या एका अधिकाऱ्याने सरळ विचारलं, "नकलेला एवढे पैसे? मग मूळ चित्र का घेऊ नये?"

मूळ चित्र घेणं शक्य नव्हतं. मास्टरजींनी (त्यांना सगळे मास्टरजीच म्हणत) जे चित्र निवडलं होतं त्या मालिकेची पानं आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, बॉस्टनच्या म्युझियममध्ये आणि आणखी कुठे कुठे आहेत. ज्या खोऱ्यात ती रंगवली गेली तिथल्या माणसाला ती बघायची तर पुस्तकात किंवा पडद्यावर बघावी लागतात.

या मालिकेला 'लंकेचा वेढा' म्हणतात. योलपासून गाडीने दीड-दोन तासांवर हरिपूर-गुलेर आहे. आज तिथे पडका किल्ला आहे, पुढे पोंग धरणाचं पाणी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे एक छोटं डोंगरी राज्य होतं आणि राजा दलीपसिंग गादीवर होता. तिथे पंडित सेऊ नावाचा चित्रकार होता. मानकू आणि नैनसुख हे त्याचे दोन मुलगे. १७२५ च्या सुमारास मानकूने वाल्मीकींच्या युद्धकांडावर ही मालिका करायला घेतली. पहाडी चित्रं म्हटली की हातात मावणारा कागद डोळ्यांसमोर येतो. ही पानं सुमारे दोन फूट उंच आणि पावणेतीन फूट रुंद आहेत. सोन्याच्या तटबंदीची लंका, दहा तोंडांचा आणि वीस हातांचा रावण, आणि समोर वानर-अस्वलांचं सैन्य.

आणखी एक गोष्ट. ही मालिका अपुरी आहे. काही पानं पूर्ण रंगवलेली, काही अर्धवट, आणि काहींवर नुसती रेघ. मास्टरजी म्हणायचे की पुऱ्या पानांनी आपल्याला काही शिकवलं नाही, शिकवलं ते अपुऱ्या पानांनी. मानकू आधी काय करायचा, पांढऱ्या अस्तराखालून रेघ पुन्हा कशी वर आणायचा, कुठला रंग आधी भरायचा, हे तिथे उघडं पडतं. आपल्याकडे सँड मॉडेलवर जसं आधी ग्राउंड दिसतं आणि मग प्लॅन, तसंच.

मास्टरजींनी निवडलेलं पान हेरांचं होतं. रावण शुक आणि सारण या दोघांना रामाचं सैन्य मोजायला पाठवतो. ते वानरांचं रूप घेऊन छावणीत शिरतात. बिभीषण त्यांना ओळखतो आणि पकडून रामासमोर आणतो. त्या काळी पकडलेल्या हेराचं काय व्हायचं हे सांगायला नको. राम त्यांना म्हणतो की सगळं बघून झालं असेल तर परत जा, काही राहिलं असेल तर पुन्हा बघून घ्या, बिभीषण दाखवेल. आणि सोडून देतो.

मी मास्टरजींना विचारलं होतं, फौजी मेससाठी हे कशाला? एखादं लढाईचं पान घेऊया. ते म्हणाले, "साहब, लढाई तो आप जानते हो. यह देखो." योलसारख्या ठिकाणी, जिथे हजारो कैदी ठेवले गेले होते, तिथल्या मेसमध्ये याहून योग्य चित्र दुसरं कुठलं असणार, हे मला नंतर कळलं.

त्या चार महिन्यांतले बरेच रविवार मी त्यांच्या घरी घालवले. बायको म्हणायची, तिथेच पोस्टिंग घे. पण मी जे पाहिलं त्यामुळे 'नक्कल' या शब्दाकडे बघण्याची माझी नजर बदलली.

पहिला महिना तर चित्र नव्हतंच. कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवून जाड पत्रा करायचा. त्याला वसली म्हणतात. वाळला की तो पालथा घालून गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग पांढरं अस्तर, मग पुन्हा घोटाई. घोटाई नीट झाली नाही तर बारीक रेघ फुटते. त्यांच्याकडे मूळ म्हणून पुस्तकातलं तळहाताएवढं छापील चित्र होतं. त्यावर त्यांनी चौकटी आखल्या आणि मोठ्या कागदावर तेवढ्याच मोठ्या चौकटी. खडकवासल्याला आम्हाला नकाशा मोठा करायला शिकवतात ती हीच पद्धत. पण छापील चित्रात वानराचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा होता. त्याच्या आतलं काय काढणार? तिथे हात मानकूचा असायला लागतो, म्हणजे त्याच्यासारखा विचार करणारा लागतो. मास्टरजी त्याच मालिकेतल्या दुसऱ्या पानांची मोठी छायाचित्रं बघून ठरवायचे की हा वानर असा बसला असेल तर त्याची भुवई अशी असेल.

रंग हिंगूळ, हरताळ, नीळ, गेरू, काजळ. सोन्याचा वर्ख डिंकात घोटून केलेला रंग लंकेसाठी. एका रविवारी ते सकाळी नऊ ते एक फक्त शेपट्या काढत होते. मी विचारलं, एखादी चुकली तर कोणाला कळणार आहे? ते म्हणाले, "मुझे."

आता मूळ मुद्द्यावर येतो. नक्कल म्हणजे कमी दर्जाचं काम, किंवा सरळ चोरी, असं आपल्याकडे पुष्कळ लोक मानतात. हे मला पटत नाही. पहाडी चित्रकारांच्या घरातच प्रत काढण्याची रीत होती. पातळ, पारदर्शक कातड्यावर चित्राची रेघ उतरवून घ्यायची, तिला सुईने भोकं पाडायची आणि त्यातून कोळशाची पूड दुसऱ्या कागदावर उतरवायची. या कातड्याला चरबा म्हणतात. बापाचा चरबा मुलाकडे, मुलाचा नातवाकडे. मास्टरजी आता ट्रेसिंग पेपर वापरतात, पण म्हणतात चरबाच. घराण्याचा हात असाच पुढे गेला.

आपल्या महाराष्ट्रातही हे नवं नाही. छापखाना येण्याआधी प्रत्येक पोथी ही प्रतच होती. चांगला लेखकू पोथीच्या शेवटी आपलं नाव, गाव आणि शक लिहायचा, चुकलं असेल तर क्षमा मागायचा. ग्रंथ आपण रचला असं तो म्हणत नसे, पण आपण लिहून काढला हे लपवतही नसे.

आणि फौजी वाचकांसाठी खास उदाहरण अजिंठ्याचं. मद्रास आर्मीतल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती काढायच्या कामावर नेमलं. त्याने आयुष्याची कित्येक वर्षं त्या लेण्यांत घालवली. लंडनला पाठवलेल्या त्याच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात तेच काम पुन्हा केलं. त्यातल्याही बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. ज्या वाचल्या, त्या आज अभ्यासकांना मोलाच्या वाटतात, कारण त्यानंतर भिंतीवरचं काही काही झडून गेलं आहे. गिल १८७९ मध्ये वारला. भुसावळला त्याची कबर आहे. त्याला कोणी नकलाकार म्हणून हिणवत नाही.

म्हणजे प्रत काढण्यात लाज नाही. लाज दोन ठिकाणी आहे.

पहिली, प्रत जुनी म्हणून विकण्यात. जुन्या वहीखात्यांचे, स्टॅम्प पेपरचे कागद मिळवायचे, त्यावर चित्र काढायचं आणि 'दोनशे वर्षांपूर्वीचं' म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं, असे उद्योग चालतात. आपल्यातलेही काही लोक पोस्टिंगच्या ठिकाणाहून मोठ्या कौतुकाने असा 'अँटिक' घेऊन घरी जातात. त्यांना एवढंच सांगतो की १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र ही पुरावस्तू आहे. ती खरी असेल तर विकायला परवाना लागतो आणि देशाबाहेर नेता येत नाही. रस्त्याकडेच्या दुकानात अर्ध्या किमतीत मिळाली तर एक तर ती खोटी आहे, नाही तर चोरीची.

दुसरी लाज प्रत काढणाऱ्याचं नाव पुसण्यात आहे. ती मी केली.

चित्र पूर्ण झालं तेव्हा मास्टरजींनी खालच्या रिकाम्या पट्टीत बारीक देवनागरीत एक ओळ लिहिली होती. मानकूच्या चित्रावरून, अमक्याने काढलं, साल, गाव. कमिटीत चित्र दाखवलं. सगळ्यांना आवडलं. मग कोणीतरी म्हणालं, खाली हे काय लिहिलंय, प्रेझेंटेशन पीस आहे, दुकानाच्या पाटीसारखं दिसतंय. आणखी कोणी म्हणालं, 'चित्रावरून' असं लिहिलं की लोकांना वाटेल आपण नक्कल दिली. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. मीही वाद घातला नाही. डायनिंग आउटला दोन दिवस राहिले होते, शंभर कामं होती. फ्रेमवाल्याला सांगितलं की माउंट दीड इंच वर घे. ती ओळ माउंटखाली गेली. खाली पितळेची पट्टी बसली, तिच्यावर आमची नावं.

फ्रेम तयार झाल्यावर मास्टरजी बघायला आले. बराच वेळ उभे राहिले. मग एवढंच विचारलं, "नीचे की पट्टी?"

मी म्हणालो, "फ्रेम में नहीं आई, मास्टरजी."

ते काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि गेले. मी तेव्हा एकवीस वर्षांचा नव्हतो. खोटं बोललो हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

नावाने एवढं काय होतं, असं कोणी विचारेल. याचं उत्तर गुलेरच्याच घराण्यात आहे. विसाव्या शतकात बराच काळ ही चित्रं नुसती 'कांगडा शैली', 'बसोली शैली' म्हणून ओळखली जायची. माणसं त्यात नव्हती. मग डॉ. बी. एन. गोस्वामी यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या धुंडाळल्या. तीर्थाला गेलेल्या माणसाची नोंद पंडा वहीत ठेवतो, बाप-आजाच्या नावासकट. त्या वह्यांत या चित्रकारांची कुटुंबं सापडली. १७६३ मध्ये आपल्या आश्रयदात्याच्या, बलवंतसिंगाच्या अस्थी घेऊन नैनसुख हरिद्वारला गेला, तेव्हा त्याने पंड्याच्या वहीत नोंद तर केलीच, शिवाय एक चित्रही काढून ठेवलं. १९६८ मध्ये गोस्वामींनी 'मार्ग' या नियतकालिकात मांडलं की या चित्रांची शैली राज्यांवरून न ठरवता कुटुंबांवरून ओळखायला हवी. सेऊ, मानकू, नैनसुख ही नावं आज आपण घेतो ती अशी परत मिळाली आहेत. दरबारात ज्याची फारशी नोंद नव्हती ते श्राद्धाच्या वहीत शिल्लक राहिलं.

आणि मी काय केलं? ज्याने आपल्या हाताने मानकूचं नाव लिहिलं आणि त्याच्या खाली आपलं, ती दोन्ही नावं दीड इंच पुठ्ठ्याखाली दाबली. उद्याच्या एखाद्या अभ्यासकाला पुन्हा कुठली तरी वही शोधायला लावायची सोय केली.

मी प्रिंटच्या विरोधात नाही, हेही सांगतो. परदेशातल्या म्युझियमनी अशा पानांची मोठी, स्पष्ट छायाचित्रं नेटवर मोकळी ठेवली आहेत, आणि मुलांना दाखवायला ती उत्तम. मूळ चित्र जसंच्या तसं बघायचं तर कुठल्याही हाताच्या प्रतीपेक्षा छायाचित्र खरं. हाताच्या प्रतीत चूक असते, प्रत काढणाऱ्याची आवड-निवड असते. पण हजार प्रिंट काढल्या तरी कांगड्यात एकही माणूस घोटाई शिकत नाही. एक प्रत काढायला दिली तर एका घरात चार महिने शेगडीवर खळ शिजते आणि बाजूला बसलेलं पोरगं बघत असतं. आपण पैसे देतो ते चित्राचे, पण त्यातून टिकतं ते काम येणारं एक घर.

म्हणून युनिट्सना, मेस सेक्रेटऱ्यांना आणि निवृत्तीनंतर दिवाणखाना सजवणाऱ्या माझ्या सगळ्या सीनियर्सना तीन गोष्टी सांगतो. हाताची प्रत घ्यायची असेल तर वेळ द्या. दोन आठवड्यांत मागितली की तो माणूसही शॉर्टकट घेणार, आणि त्याचा दोष आपला. दुसरं, 'जुनी दिसली पाहिजे' असं कधीही सांगू नका. चहाचं पाणी फिरवलेला कागद ही फसवणुकीची पहिली पायरी आहे. आणि तिसरं, पितळेच्या पट्टीवर देणाऱ्याच्या नावाआधी दोन नावं घाला. मूळ चित्रकार कोण, आणि प्रत कोणी काढली. 'प्रत' हा शब्द स्पष्ट लिहा. त्याने भेटीची किंमत कमी होत नाही.

काही जण म्हणतील की मेसची परंपरा वेगळी, तिथे भेट महत्त्वाची, कारागीर नाही. चांदीच्या ट्रॉफीवर सोनाराचं नाव कुठे असतं? असतं. ट्रॉफी उलटी करून बघा, बहुतेक जुन्या चांदीवर बनवणाऱ्याचा शिक्का सापडेल.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी सध्याच्या सीओंना सगळं सांगितलं. ते वयाने माझ्यापेक्षा लहान, शांतपणे ऐकून घेतलं आणि मेस हवालदाराला बोलावलं. चित्र उतरवलं. मागचे खिळे काढून फ्रेम उघडली. माउंट उचलला तर ओळ तिथेच होती, बाकीच्या कागदापेक्षा उजळ, कारण बारा वर्षं तिला उजेड लागला नव्हता. लेफ्टनंटने ती मोठ्याने वाचली. मानकूचं नाव, मास्टरजींचं नाव, साल, गाव.

दुसऱ्या दिवशी मास्टरजींना फोन केला. नंबर तोच होता. आता डोळ्यांनी बारीक काम होत नाही. धाकटी मुलगी रेघ काढते, ते रंग सांगतात. मी माउंटची खरी गोष्ट सांगितली आणि माफी मागितली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मुझे पता था साहब. फ्रेम में डेढ़ इंच की जगह थी."

या लेखात नाव लिहू का, असं विचारलं तर नको म्हणाले. मागे कोणीतरी त्यांचा नंबर नेटवर टाकला, तेव्हा जुन्या कागदावर काढून द्याल का, असं विचारणारे फोन वर्षभर येत राहिले. "नाम तस्वीर के नीचे ठीक है," म्हणाले. म्हणून इथे लिहिलेलं नाही. ज्याला वाचायचं असेल त्याने त्या मेसमध्ये जाऊन वाचावं. माउंट नवा कापला आहे, ओळ दिसते. पितळेची जुनी पट्टी फ्रेमच्या मागे लावली आहे, तिच्यावर माझंही नाव आहे, आणि तिची जागा तीच.

जय हिंद.